एकोणतीस कसं लिहायचं

दुसरीतल्या मुलाला ‘एकोणतीस लिही’ म्हटलं की पुष्कळदा वहीत ३९ उमटतं. त्यावर लाल फुली मारायला क्षणही लागत नाही. पण ते ३९ विचार करून आलेलं असतं. मुलाच्या कानावर ‘तीस’ पडतं, तिसाला आधी ३ लिहितात हे त्याला ठाऊक असतं, आणि एकोणीसच्या शेवटी ९ येतो हे पाठ झाल्यामुळे ‘एकोण’ म्हणजे नऊ असा हिशेब त्याने मनाशी मांडलेला असतो. तीन आणि नऊ, झाले एकोणतीस. त्याचा तर्क सरळ आहे, वाकडी आहेत ती आपली संख्यानावं. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पंचेचाळीसचंही तसंच. कानाला आधी पाच ऐकू येतात, मग चाळीस, म्हणून मूल ५४ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, विधिमंडळातही गाजला. त्या बदलाच्या मुळाशी ही अडचण होती. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी मुलाच्या वहीतलं ३९ पाहिलं होतं, असं तेव्हा राहून राहून वाटत होतं.

शिक्षक होण्यासाठी बी.एड. किंवा डी.एल.एड.ला जाण्याआधी काय वाचावं, याचं माझं उत्तर या ३९ पासून सुरू होतं.

बी.एड.ची प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, उन्हाळ्याच्या आसपास होते. मग निकाल, प्रवेशफेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी. प्रत्यक्ष वर्ग भरू लागतात तेव्हा गोदावरीचा पहिला पूर येऊन गेलेला असतो. मधले तीन-चार महिने हातात असतात आणि ते बहुतेक वेळा गाइड वाचण्यात जातात. शैक्षणिक मानसशास्त्राच्या व्याख्या, आयोगांची सालं, समित्यांच्या शिफारशी. हे सगळं पुढे दोन वर्षं शिकवलंच जाणार आहे. जे शिकवलं जात नाही ते वेगळंच आहे. बी.एड. सीईटीत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात: बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. तुमचा विषय त्यात कुठेही नाही. आत गेल्यावरही प्राध्यापक गृहीत धरतात की पदवी आहे म्हणजे विषय येतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाने सहावीचं विज्ञानाचं पुस्तक मात्र दहा-बारा वर्षांत उघडलेलं नसतं, आणि आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाच्या, पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात नेमकं तेच पुस्तक येतं.

म्हणून पहिलं वाचन बालभारतीच्या पुस्तकांचं. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, पण शक्य असेल तर छापील प्रत घ्यावी. वर्गात मुलाच्या हातात तीच असते आणि समासात लिहिता येतं. घेताना आवृत्तीचं साल पाहावं, अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. पाचवी ते आठवी, निवडलेले दोन विषय, म्हणजे आठ पुस्तकं. एक पुस्तक साधारण शंभर-सव्वाशे पानांचं धरलं आणि रोज दहा पानं वाचली तर तीन महिन्यांत आठही होतात. दहापेक्षा जास्त वाचू नये. वाचायला सोपं असतं म्हणून भराभर पानं उलटली जातात आणि मग आपण पुन्हा विद्यार्थ्यासारखेच वाचू लागतो.

शिक्षकासारखं वाचायचं म्हणजे काय? एक दोनशे पानी लाँगबुक घ्यावं. डाव्या पानावर धड्यातली कल्पना आपल्या शब्दांत, दोन-तीन ओळींत. उजव्या पानावर एकच गोष्ट: इथे मुलाला काय अडेल आणि का. उजवं पान कोरं राहिलं तर तो धडा पुन्हा वाचायचा. पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं याची, यादी छापलेली असते. जवळजवळ सगळे ती पानं ओलांडून पुढे जातात. पुढे पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, जी उद्दिष्टं लिहायची असतात त्यांचं बियाणं तिथेच असतं, म्हणून धडा वाचून झाल्यावर तो कोणत्या निष्पत्तीसाठी आहे हे शोधून समासात तिचा संकेतांक टाकावा.

अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. १/२ + १/३ = २/५ ही चूक पाचवी-सहावीत सर्रास दिसते. उजव्या पानावर ‘मुलं छेद समान करायला विसरतात’ एवढंच लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. मूल विसरलेलं नसतं. त्याला अपूर्णांक ही एक संख्या दिसतच नाही, वर एक संख्या आणि खाली एक संख्या अशा दोन सुट्या संख्या दिसतात, आणि सुट्या संख्यांची बेरीज त्याने बरोबर केलेली असते. यावर बारा सेंटीमीटरची कागदी पट्टी घ्यावी. तिचा अर्धा म्हणजे सहा, तिसरा भाग म्हणजे चार, दोन्ही मिळून दहा, म्हणजे बारापैकी दहा, ५/६. आता त्याच पट्टीचे २/५ म्हणजे पाच सेंटीमीटरही भरत नाहीत. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं, हे मुलाला पट्टीवर बोट ठेवून दिसलं की छेद समान का करायचे हे सांगायला जागा तयार होते. साधन कुठलं घ्यावं हेही इथेच कळतं. पुस्तकांत पोळीचं नाहीतर पिझ्झाचं चित्र असतं, पण गोलाचे तीन सारखे भाग हाताने करून पाहा, जमत नाहीत. पट्टीचे जमतात. बारा सेंटीमीटर यासाठी की बाराला दोन, तीन, चार आणि सहा या सगळ्यांनी भाग जातो. दहाची पट्टी घेतली की तिसऱ्या भागाशी गाडी अडते. आणि सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर एका पट्टीचा अर्धा दुसऱ्या पट्टीच्या तिसऱ्या भागापेक्षा लहान निघतो आणि मुलं बरोबर उलटं शिकतात.

मराठी शिकवणाऱ्याने ‘र’ची चारही रूपं एका पानावर मांडावीत: कर्म, क्रम, ट्रक, दऱ्या. रफाराची खरी अडचण अशी की तो ऐकू येतो आधी आणि लिहिला जातो पुढच्या अक्षरावर. ‘कर्म’ लिहिताना मूल क काढतं, र ऐकलेला असतो म्हणून घाईने त्यालाच जोडतं आणि क्रम होतं. हातात खडू असेल तेव्हा ‘म’ काढून मग मागे वळून रफार द्यायचा, ही कृती मुलांसमोर सावकाश करावी लागते. नुसता तयार शब्द दाखवून ती कळत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडीही मोठ्याने म्हणून पाहावी. दर्यामध्ये ‘द’वर आघात येतो, दऱ्यामध्ये येत नाही. हा नियम पदवीधरांनाही सांगता येत नाही, उच्चार मात्र प्रत्येकाचा बरोबर असतो. चार आणि चाक यांतल्या ‘च’चंही तेच. एका अक्षराचे दोन उच्चार आपण जन्मभर करतो आणि मुलाने विचारलं की गप्प बसतो.

भूगोल घेतलेल्यांना नाशिकसारखं गाव नाही. सराव पाठांत नद्यांची प्रस्तावना ठरलेली असते: ‘तुमच्या घरी पाणी कुठून येतं?’ ‘नळातून.’ ‘नळाला?’ ‘टाकीतून.’ ‘टाकीत?’ ‘धरणातून.’ ‘धरण कुठलं?’ ‘गंगापूर.’ ‘ते कुठल्या नदीवर?’ पाच मिनिटं जातात, मुलं शिक्षकाच्या मनातला शब्द ओळखण्याचा खेळ खेळत राहतात, आणि विचार करावा असं त्यात काहीच नसतं. त्याऐवजी नकाशा दाखवून एकच प्रश्न टाकावा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र साधारण ८० किलोमीटर. मग गोदावरी तिकडे न जाता १,४६५ किलोमीटरचा पल्ला मारून बंगालच्या उपसागराला का जाते? हा प्रश्न आठवीतल्या मुलालाही थांबवतो. त्याचं उत्तर द्यायचं तर शिक्षकाला दख्खनच्या पठाराचा पूर्वेकडचा उतार, सह्याद्रीची पश्चिमेची उभी कड आणि जलविभाजक, म्हणजे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटणारा उंचवटा, हे तिन्ही नीट माहीत हवं. वर हेही माहीत हवं की त्याच त्र्यंबकच्या डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. नाशिकच्या मुलाला याहून जवळचं उदाहरण कुठलं देणार?

इथेही एक चूक आधीच लिहून ठेवावी. भिंतीवर टांगलेल्या नकाशात दक्षिण खाली असते, म्हणून नद्या नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडे ‘खाली’ वाहतात असं अनेक मुलं मानतात. नकाशा जमिनीवर पसरावा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी आणि मुलांना भोवती उभं करावं. तेवढ्याने हा समज ढिला होतो. टांगलेल्या नकाशाकडे बोट दाखवून तो कितीही समजावला तरी जात नाही.

मानसशास्त्र वाचूच नये असं नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, १५० प्रश्नांत ३० बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात, त्यामुळे ते कधीतरी वाचावं लागणारच. पण पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या मुलांच्या विचारांच्या चार अवस्था वयोगटांसकट पाठ करण्याआधी एक प्रयोग करावा. काचेचे दोन सारखे पेले, तिसरा उंच आणि अरुंद, आणि शेजारचं पाच-सहा वर्षांचं मूल. दोन्ही सारख्या पेल्यांत सारखं पाणी ओतायचं, सारखं आहे ना हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यायचं, एक-दोन थेंब इकडेतिकडे त्यालाच करू द्यायचे. मग एका पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कसं आहे? बहुतेक मुलं म्हणतात, उंच पेल्यात जास्त. आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलाला अजून उमगत नाही ती पूर्व-क्रियात्मक अवस्था म्हणजे काय ते त्या क्षणी कळतं, आणि पुन्हा विसरत नाही.

प्रयोग फसतो तो विचारण्यात. ‘यात जास्त झालं का?’ असं विचारलं की उत्तर आपणच मुलाच्या तोंडात घातलेलं असतं. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. तोच प्रश्न दोनदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार, म्हणून ते बदलतं. पियाजेनंतरच्या संशोधकांनी यावर बोट ठेवलं आणि प्रश्न एकदाच विचारून पाहिला, तेव्हा जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. वर्गात हे रोज घडतं. ‘नक्की? पुन्हा सांग बरं’ म्हटलं की बरोबर उत्तर दिलेलं मूलही डगमगतं. उत्तर बरोबर असतानाही ‘कसं काय सांगितलंस?’ विचारायची सवय असेल तर मुलं त्या प्रश्नाला घाबरत नाहीत. ही सवय वर्गात उभं राहण्याच्या आधी, घरात बोलतानाच लावून घ्यावी.

प्रश्नानंतर थांबणं हा असाच सरावाचा भाग. १९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’. करून पाहा, ती शांतता सोसवत नाही.

बी.एड.च्या पहिल्या महिन्यांत सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या गटासमोर काही मिनिटांचा सराव पाठ, येतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे ३६ मिनिटांच्या चक्रात बसवली आहे: सहा मिनिटं अध्यापन, सहा प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा पुनर्नियोजन, सहा पुनराध्यापन आणि पुन्हा सहा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य, समोर पाच ते दहा विद्यार्थी. हे विद्यार्थी म्हणजे आपलेच सहाध्यायी असतात, आणि गडबड तिथेच होते. त्यांना उत्तरं येतात, ते सांभाळून घेतात, पाठ लोण्यातून सुरी फिरावी तसा जातो. तोच पाठ खऱ्या सहावीत दुसऱ्या मिनिटाला अडखळतो. म्हणून आधीच्या सुट्टीत वाड्यातली, सोसायटीतली दोन-तीन मुलं गोळा करून सहा मिनिटांचे पाठ घ्यावेत. मोबाइलवर फक्त आवाज मुद्रित करावा आणि ऐकताना ‘समजलं का?’ आणि ‘बरोबर ना?’ किती वेळा आलं त्याच्या खुणा कराव्यात. ‘समजलं का?’ला ‘हो बाई’ याखेरीज उत्तर नाही, त्यामुळे तो प्रश्न मोजण्यापुरताच.

पाठ टाचण लिहायला घेतलं की डाव्या समासात मिनिटं टाकावीत. नवख्याचा पाठ वीस मिनिटांत संपतो नाहीतर तास संपला तरी निम्मा राहतो, मधलं काही होत नाही. याचं कारण उत्तरांचा वेळ कुणी धरत नाही. एक प्रश्न विचारणं, थांबणं, उत्तर ऐकणं, त्यावर बोलणं यात अर्धं मिनिट सहज जातं. टाचणात बारा प्रश्न असतील तर सहा मिनिटं त्यांचीच. टाचणातल्या उद्दिष्टांच्या स्पष्टीकरणांत ‘विद्यार्थी समजून घेतो’ असं लिहू नये. समजून घेतलेलं दिसत नाही. ‘फरक सांगतो’, ‘वर्गीकरण करतो’, ‘नकाशात दाखवतो’ हे दिसतं, ऐकू येतं, आणि मूल्यमापनाचा प्रश्न त्यातून आपोआप निघतो.

फळ्याचा सराव घरी कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तीन बाय चार फुटांचा प्लायवूड, फलकाचा काळा रंग दोन हात, एवढ्यात काम होतं. वर्ग वीस-पंचवीस फूट लांब असतो, त्यामुळे मागच्या बाकावरून वाचता यावं म्हणून अक्षर दोन ते अडीच इंचांचं हवं. घरी दोन फुटांवर उभं राहून ते अवाढव्य वाटतं, म्हणून लिहिल्यावर अंगणाच्या टोकाला जाऊन पाहायचं. खडू अर्धा मोडून घ्यावा, अख्खा खडू टोकाशी कंप पावतो आणि किंचाळतो. ओळ उजवीकडे जाताना घसरते किंवा चढते, कारण आपण एका जागी उभे राहून हात लांबवत जातो आणि हात कमानीत फिरतो. तीन-चार शब्द झाले की पावलंही सरकली पाहिजेत. देवनागरीत शिरोरेषा प्रत्येक शब्दाची वेगळी, शब्द पूर्ण झाल्यावर द्यावी. अक्षरागणिक दिली तर ती करवतीसारखी दिसते. पुसताना वरून खाली, म्हणजे धूळ खाली पडते, पहिल्या बाकावरच्या मुलांच्या नाकात जात नाही.

वाचनासाठी पैसे फारसे लागत नाहीत. नाशिकच्या टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, शिक्षणावरची मराठी पुस्तकं तिथे शोधावीत. गुजरातेतले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ एवढं एक तरी प्रशिक्षणाआधी वाचून व्हावं. १९३२ सालचं हे मूळ गुजराती पुस्तक चौथीच्या वर्गावर एक वर्ष प्रयोग करणाऱ्या शिक्षकाचं आहे, आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार उधळला जातो. नव्या शिक्षकाने ते पान वाचलेलं असलं म्हणजे स्वतःचा पहिला तास उधळल्यावर धीर राहतो. गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या मुक्त विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची स्वयं-अध्ययन पुस्तकंही साध्या मराठीत आहेत. गाइडपेक्षा ती कितीतरी बरी, कारण ती एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत.

आता शेवटची तयारी, आणि माझ्या लेखी ती पुस्तकांइतकीच मोठी. बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेतले वीस आठवडे असतात, पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. ते कुठल्या मुलांसमोर जातील याचा नाशिकमध्ये नेम नाही. सातपूर-अंबडच्या शाळांत कारखान्यांतल्या कामगारांची घरी हिंदी, भोजपुरी बोलणारी मुलं असतात. सुरगाणा, पेठकडे घरची बोली कोकणी (कोकणा आदिवासींची), बागलाण, देवळा, मालेगावकडे अहिराणी. मुलाची मातृभाषा शक्य तिथवर शिकण्याचं माध्यम असावी, असं शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातच म्हटलं आहे. वर्गात मात्र त्या भाषेवर लाल शाई ओतली जाते. बागलाणातल्या सटाण्याच्या मुलाने ‘माले पुस्तक दे’ लिहिलं तर ते अशुद्ध मराठी नव्हे, शुद्ध अहिराणी आहे. तिथे ‘ला’च्या जागी ‘ले’ नेमाने येतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘य’ होतो. मूल ऐकतं तसं लिहितं, म्हणून त्याच्या वहीत शाळेची ‘शाया’ होते.

फळ्याचे दोन भाग करावेत. डावीकडे माले, तुले, पानी, शाया. उजवीकडे मला, तुला, पाणी, शाळा. काय बदललं ते मुलांनाच विचारावं आणि तीन सेकंद थांबावं. पहिल्या दोन ओळींचा नियम चौथीतली मुलंही शोधतात, मग ‘न’ आणि ‘य’साठी घरातले आणखी शब्द तीच सांगू लागतात. हे शब्द गोळा करायला लाँगबुकची शेवटची चार पानं आधीपासून मोकळी ठेवावीत. बागलाणातून नाशिकला शिकायला आलेले मित्र, बाजारात भाजी विकायला येणाऱ्या आजी, एसटीत शेजारी बसलेलं कुणी, सगळ्यांना विचारता येतं. पन्नास शब्द झाले तरी पहिल्या आठवड्याला पुरतात.